व्यत्ययाचे दिवस

दूरदर्शनच्या पडद्यावर अधूनमधून 'व्यत्यय' अशी पाटी लागायची. ती माझ्या वयाच्या कुणाला आठवत नसेल असं होणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. नागपुरात आमच्या गल्लीत टीव्ही यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली, आणि आला तो व्यत्ययासकटच आला. कधी चित्र जायचं, कधी आवाज, कधी अख्ख्या महाल भागातली वीज. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' चालू असताना चित्र हललं की घरातलं कुणीतरी गच्चीवर धावायचं, अँटेना फिरवायचं आणि वरून ओरडायचं, "आलं का?" खालून सगळ्यांचा गलका, "नाही, नाही... थोडं डावीकडे... आलं, आलं!" तेवढा वेळ आम्ही एकमेकांची तोंडं बघत असू, खिडकीबाहेर बघत असू. शेजारची पोरं दाराशी उभी असत, त्यांना आत बोलावून सरकून जागा देत असू. रात्री कार्यक्रम संपले की पडदा मिटायचा आणि त्यावर पुन्हा काही दिसायला दुसरा दिवस उजाडावा लागायचा.

त्या थांबण्याचा तेव्हा फार राग यायचा. आज डोळ्यांच्या कोरडेपणाबद्दल जे कळलं आहे त्यानंतर मी त्याच थांबण्याकडे वेगळ्या मायेनं बघते. त्या काळचं बघणं, वाचणं, शिवणं, लिहिणं, सगळंच अडखळत चालायचं. डोळ्यांना तेच मानवत होतं.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. मीही आज तेच काम करते, फक्त पुण्यात आणि संगणकावर. एकाच घरातल्या दोन पिढ्यांनी एकच काम केलं, म्हणून ही तुलना मला फार जवळून दिसते.

बाबांच्या टेबलावर गॅलीप्रूफ यायचं ते ओलसर कागदावरचं, लांबच लांब. ते एकट्यानं तपासायची पद्धत नव्हती. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रुफावरून नजर फिरवायचा. वाचणाऱ्यानं विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची: स्वल्पविराम, अर्धविराम, नवा परिच्छेद. शाळा सुटल्यावर मी कधी डबा घेऊन गेले की तो लयीतला आवाज पायऱ्यांवरूनच ऐकू यायचा. काही पानांनंतर दोघं जागा बदलायचे. खुणा केलेली गॅली परत खिळे जुळवणाऱ्याकडे जायची. तो चिमट्यानं चुकीचा खिळा उचलायचा, केसमधून नेमका खिळा शोधायचा (देवनागरीची जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या धरून त्या केसचा पसारा भिंतभर असे), ओळ पुन्हा घट्ट बसवायचा आणि नवं प्रूफ काढायचा. तोवर बाबा काय करत? दाराशी उभे राहून समोरच्या कडुनिंबाकडे बघत. चहा सांगत. मशीनवाल्याशी बोलत. तो वेळ कामातच धरलेला होता. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती, कुणाला आळशी वाटत नव्हतं.

माझ्याकडे पीडीएफ येते. चूक दिसली की तिथल्या तिथे खूण होते, आणि ती करेपर्यंत पुढचं प्रकरण मेलमध्ये येऊन पडलेलं असतं. मोठ्यानं वाचणारा कुणी नाही. थांबायचं कारणच उरलेलं नाही. मध्येच मोबाइल वाजतो, तो बघण्याला मी विश्रांती म्हणते, आणि तोही पडदाच असतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा हातात तोच.

दोनेक वर्षांपूर्वी संध्याकाळी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वाळू गेल्यासारखं खुपायचं, चुरचुरायचं, अक्षरं मध्येच धूसर व्हायची आणि पापण्या मिटल्या की पुन्हा स्वच्छ दिसायची. डॉक्टर म्हणाल्या, डोळे कोरडे पडलेत. पाणी वाहतंय आणि डोळे कोरडे, हे ऐकून बहुतेक पेशंट गोंधळतात असंही त्याच म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं.

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक पडदा सतत पसरलेला असतो. त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. बुबुळालगत चिकट श्लेष्म्याचा थर असतो, तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो. त्यावर पाण्याचा भाग, तो अश्रुग्रंथींमधून येतो. आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी तलम थर. आमच्या नागपूरच्या सावजी रश्श्यावर तर्री असते तसा हा थर पाण्यावर तरंगतो आणि खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या काठावरच्या बारीक ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून त्या त्याच्या नावानं ओळखल्या जातात. आपण पापणी मिटतो तेव्हा या ग्रंथींवर हलका दाब पडून तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना ते डोळ्यावर सारवलं जातं. पापणी मिटलीच नाही, किंवा अर्धीच मिटली, तर तेल आतच राहतं, घट्ट होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात. मग पाणी उडून जातं, बुबुळावर कोरडे ठिपके पडतात, तिथल्या नसा चिडतात आणि अश्रुग्रंथींना निरोप जातो. ग्रंथी एकदम लोंढा सोडतात. त्या लोंढ्याला धरून ठेवणारं तेल नसल्यामुळे तो डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतो. पाणी वाहणं हे त्या कोरडेपणाचंच लक्षण असतं.

माझी दोन प्रकारची तपासणी झाली. पहिली कागदाच्या पट्टीची. ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली ही पद्धत अजून तशीच चालते: ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत ती किती भिजते ते मोजायचं. १० मिलिमीटरच्या वर भिजली तर ठीक, ५ च्या आत राहिली तर पाण्याचीच टंचाई. माझी पट्टी व्यवस्थित भिजली. दुसऱ्या तपासणीत डोळ्यात पिवळ्या-नारिंगी रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात बघतात आणि पापणी न हलवता अश्रूंचा पडदा किती सेकंदांनी फाटतो ते मोजतात. निरोगी डोळ्यात तो १० सेकंदांहून जास्त टिकतो. माझा त्याआधीच फाटत होता. दोष पाण्याचा नव्हता, तेलाचा होता. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांत हाच प्रकार जास्त आढळतो.

इथे मला बाबांचं टेबल आठवलं. जपानमधले नेत्रतज्ज्ञ काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटी नोंद छापली होती. माणूस निवांत बसलेला असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्याकडे बघताना फक्त ७ वेळा, असं त्यांना दिसलं. म्हणजे पडद्यासमोर दोन मिटण्यांमध्ये साडेआठ सेकंद जातात. ज्याचा अश्रूंचा पडदा पाच-सहा सेकंदांत फाटतो त्याचा डोळा प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद उघडा पडून वाळत राहतो. दिवसभर, हजारो वेळा. त्याच नोंदीत आणखी एक मोजमाप होतं. पुस्तक वाचताना नजर खाली असते, वरची पापणी खाली येते आणि डोळ्याचा उघडा भाग जवळजवळ निम्मा होतो. पडदा समोर, नजरेच्या उंचीवर असला की डोळा पुरता उघडा राहतो.

वाचताना बाबांच्या पापण्याही कमीच मिटत असणार. पण त्यांचा कागद टेबलावर आडवा होता, नजर खाली होती, कान वाचणाऱ्याकडे होते आणि दर गॅलीनंतर कडुनिंब होता. आज डॉक्टर सांगतात की दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. छापखान्याच्या दारातून तो कडुनिंब साधारण तेवढ्याच अंतरावर होता. मला आता फोनमध्ये गजर लावून तेवढं करावं लागतं आणि बऱ्याचदा तो गजर मी न बघताच बंद करते.

हवेचीही अशीच गोष्ट आहे. मे महिन्यातलं नागपूर ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना कोरडी हवा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पारा ४५ अंशांवर, दुपारी हवेतला ओलावा अगदी तळाला, आणि रस्त्यावरची लू डोळ्यांत भाजत जाते. कुलूप उघडताना किल्लीसुद्धा हाताला चटका द्यायची. या हवेशी आमची घरं पाण्यानं लढत. आजोबांच्या काळात दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावत आणि त्यांच्यावर तासातासानं पाणी शिंपत. नंतर पत्र्याचे कूलर आले. खाली टाकी, तिन्ही बाजूंना वाळ्याचं किंवा लाकडाच्या पातळ सालींचं गवत, त्यावरून पाणी झिरपतंय आणि आत मोठा पंखा घरघरतोय. मे महिन्यात पहाटे टाकी भरणं हे घरातल्या पोरांचं काम असायचं. कूलरचा पहिला झोत यायचा तो वाळ्याच्या वासाचा आणि चांगलाच दमट. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, तापलेल्या फरशीतून वाफ निघायची, मग अंथरुणं पडायची. उन्हाळ्याला उत्तर म्हणून आम्ही हवेत पाणी मिसळत होतो. कूलरच्या अगदी तोंडाशी झोपलं तर वाऱ्यानं डोळे वाळायचेच, आई आम्हाला तिथून ओढून बाजूला निजवायची. पण खोलीतली हवा ओली असायची.

एसी याच्या उलट काम करतो. त्याच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ जमते, तिचं पाणी होतं आणि पाइपातून बाहेर गळतं. इमारतीच्या मागच्या बाजूला थेंब थेंब गळणारं ते पाणी आपल्याच खोलीतलं असतं. माझ्या ऑफिसात एसीचा झोत नेमका दोन टेबलांवर येतो. त्या दोन टेबलांवर बसणाऱ्या मुलींच्या पर्समध्ये डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या आहेत, हा योगायोग मी मानत नाही. गाडीत तर आपण झरोके स्वतःच तोंडाकडे वळवून घेतो. माझ्या लहानपणी पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आता तिथे दुचाकींच्या रांगा आहेत आणि हेल्मेटची काच वर करून चालवणाऱ्याच्या डोळ्यांत वारा, धूर आणि खणलेल्या रस्त्याची धूळ एकदम जाते.

हे सगळं लिहिताना जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही. ते खोटं ठरेल, आणि ज्यांच्या डोळ्यांनी त्या काळाची किंमत मोजली त्यांच्यावर अन्याय होईल.

आजोळी, वर्धा जिल्ह्यात, चुलीत पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या जळायच्या. कापूस आणि तूर निघाल्यावर उरलेल्या त्या काड्या वाळल्या असल्या तर भडकतात, पण पावसाळ्यात ओल्या असल्या की नुसता धूर. आजीचे डोळे कायम लाल असायचे. फुंकणीनं फुंकताना ती तोंड वळवायची, पदरानं डोळे टिपायची, पुन्हा फुंकायची. त्या धुराला आम्ही स्वयंपाकाचा भाग समजत होतो. धुरातले कण पापण्यांच्या काठावर साचतात, डोळ्याच्या पृष्ठभागाला सूज आणतात, अश्रूंचा पडदा लवकर फाटतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावोगाव गॅसच्या शेगड्या पोचल्या. तरीही सिलिंडर परवडत नाही म्हणून शेगडीशेजारी चूल पेटलेली घरं मी आजही बघते. त्या घरातल्या बाईला स्क्रीन कमी बघा असं सांगण्यात काय अर्थ आहे?

खुपऱ्या हा त्याहून मोठा शाप होता. क्लॅमिडिया जातीच्या जंतूमुळे होणारा हा रोग एका डोळ्यातून दुसऱ्यात जायचा, बोटांवरून, टॉवेलवरून, माश्यांवरून. घरात पाच पोरं असतील तर एकाच डबीतलं काजळ एकाच बोटानं पाचांना लावलं जायचं, तिथूनही. पापण्यांच्या आतल्या बाजूला वण पडत, श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी मरत, पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासत. असा डोळा मग जन्मभर कोरडा. १९६३ साली देशात खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याची मोहोर उमटवली. ती बातमी वर्तमानपत्रात कुठेतरी आतल्या पानावर होती. मी ती कापून ठेवली आहे.

आणि उपासमार. आजचा कोरडा डोळा चुरचुरतो. त्या काळचा कोरडा डोळा मुलांना आंधळं करायचा. आहारात अ जीवनसत्त्व नसलं की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज आणि सुरकुतलेला दिसतो, बाहेरच्या कडेला साबणाच्या फेसासारखा तिकोनी ठिपका उमटतो (पिएर बितो या फ्रेंच डॉक्टरनं १८६३ मध्ये त्याचं वर्णन केलं), आणि तेव्हाही काही केलं नाही तर बुबुळ मऊ पडून फुटतं. १९७० पासून सरकारनं लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा २ लाख युनिटांचा डोस द्यायला सुरुवात केली. नंतर दोन वर्षांतच १९७२ चा दुष्काळ आला. पालेभाजी दिसेनाशी झालेल्या गावांत त्या चमचाभर पिवळ्या औषधाची काय किंमत होती, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही. आई शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, लाल भोपळा यांच्यासाठी जो हट्ट धरायची तो त्या वर्षांतून आलेला होता.

याच अ जीवनसत्त्वाचं नातं आजच्या कोरडेपणाशीही आहे, पण ते वेगळ्या दारानं. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल दिली जाते. ती याच जीवनसत्त्वाच्या कुळातली. ती त्वचेतल्या तेलग्रंथी आकसवते आणि पापण्यांतल्या तेलग्रंथीही. माझ्या भाचीला ती चालू असताना लेन्स घालवेनात इतके डोळे कोरडे झाले. लहान मुलांना एकेकाळी ज्याच्या अभावानं डोळे गमवावे लागले, त्याच्याच भावंडानं तिचे डोळे वाळवले. डॉक्टरांनी डोस कमी केला, थेंब दिले, आणि ती बरी झाली.

विदर्भात वाढलेल्या माणसाला आनंदवन आठवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. शाळेच्या सहलीत आम्ही समितीच्या आनंदवनात गेलो होतो. तिथल्या काही आजोबांच्या पापण्या झोपेतही पूर्ण मिटत नसत. कुष्ठरोगानं चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटवणारा स्नायू लुळा पडतो. त्यात बुबुळाची संवेदनाही गेलेली असली तर कोरडं पडलेलं कळतच नाही, कचरा गेला तरी कळत नाही. पापणीची किंमत काय असते हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं, जरी समजलं फार उशिरा. १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला आणि रोग वेळेत पकडला तर अशी पापणी जाण्याची वेळ आता क्वचित येते.

घरगुती उपायांबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. डोळ्यात कुसळ गेलं, डोळा लाल झाला की आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडानं गरम वाफ सोडायची आणि डोळ्यावर दाबून धरायची. पुन्हा वाफ, पुन्हा दाब. रांजणवाडी झाली तर तळहातावर बोट घासून गरम करून टेकवायची. आज माझ्या डॉक्टरांनी सांगितलेला मुख्य उपाय म्हणजे गरम शेक: ४० अंशांच्या थोड्या वर तापलेलं कापड मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं, म्हणजे घट्ट झालेलं तेल वितळतं, आणि मग पापण्यांच्या कडेला हलका मसाज. आईच्या वाफेत एवढी उष्णता नव्हती, ते तेल वितळलं नसतं. पण दिशा बरोबर होती. दर वेळी डोळे मिटून तिच्या मांडीवर पडून राहणं व्हायचं, तेही बरोबर होतं. उन्हाळ्यात काशाच्या वाटीनं तळपाय घासणं व्हायचं, खोबरेल लावून, पाय काळे पडेपर्यंत. त्यानं अश्रू वाढतात असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. पण घरातल्या पोरांचे डोळे अर्धा तास मिटलेले असायचे, आणि आज तो अर्धा तास कुठून आणायचा हाच प्रश्न आहे.

गुलाबपाण्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. बाटली महिनोन्महिने उघडी राहायची, तिच्यातला थेंब डोळ्यात जायचा. मधाचं, धन्याच्या पाण्याचंही तेच. निर्जंतुक नसलेलं काहीही डोळ्यात घालू नये. आज दुकानातून न विचारता आणलेले लाली घालवणारे थेंबही घालू नयेत. कृत्रिम अश्रूंचे थेंब बरे, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्यावेत. ती रसायनंच डोळ्याच्या पृष्ठभागाला ओरखडतात.

बाकीची कारणं बहुतेकांना ओळखीची वाटतील. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनी अश्रू आटतात. मोतीबिंदूच्या किंवा चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर बुबुळाच्या नसा कापल्या गेल्यानं काही महिने कोरडेपणा राहतो. मधुमेह आणि थायरॉइड हेही कारण असू शकतं. २०२० मध्ये मास्कच्या वरच्या फटीतून निघणारा श्वास डोळ्यांवर येऊन ते वाळायचे, आणि त्याच दिवसांत मुलांची शाळा फोनवर भरत होती. माझ्या शेजारचा आठवीतला मुलगा तेव्हापासून डोळे गच्च मिटून पुन्हा उघडायची सवय लावून बसला. त्याच्या आईला ती वाईट खोड वाटली. डोळे तपासल्यावर कळलं की पोरगा आपल्या परीनं डोळे ओले ठेवत होता.

पन्नाशीच्या पुढच्या बायकांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. पाळी थांबताना शरीरातली संप्रेरकं बदलतात, तेलग्रंथींचं काम मंदावतं आणि डोळे कोरडे पडतात. माझ्या आजीच्या पिढीत याला वय झालं म्हणत. माझी एक आत्या होती. तिचे डोळे कायम रखरखलेले, बोटांचे सांधे सुजलेले, आणि जेवताना पाण्याचा तांब्या शेजारी असल्याशिवाय भाकरीचा घास उतरत नसे. या तीन तक्रारी आम्ही तीन वेगवेगळ्या समजत होतो. डोळ्यांना गुलाबपाणी, सांध्यांना तेल, आणि तोंड कोरडं पडतं म्हणून खडीसाखर. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं १९३३ साली आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांच्या नोंदी मांडून दाखवलं होतं की या तक्रारी एकाच आजाराच्या असू शकतात. शरीराची प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच चालून जाते. हे ज्ञान आत्याच्या तरुणपणीही जगात होतं. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

गेल्या वर्षी वहिनीनं फोनवर सहज सांगितलं की डोळे खुपतात, तोंड सुकतं आणि सकाळी बोटं आखडलेली असतात. मी तिला नुसत्या थेंबांवर थांबू दिलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिर्मरची पट्टी लावली, ती जेमतेम भिजली, आणि त्यांनीच रक्ताच्या तपासण्या लिहून संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निदान तेच निघालं. आता तिच्यावर उपचार चालू आहेत. लाळ कमी असली की दात लवकर किडतात, म्हणून दंतवैद्याकडेही ती वेळेवर जाते. रोजचे थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आहेत, आणि नागपूरच्या घरात तिनं बेडरूममधला एसी बंद करून खिडकीला पुन्हा कूलर बसवून घेतला आहे. झोत पलंगावर येणार नाही असा.